चरबीत मुरलेलं ‘ड’: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी आणि थेट बिदरकडून आलेल्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून येते आहे: वजन जास्त, रिपोर्टमध्ये ‘ड’ जीवनसत्त्व कमी आणि औषध घेऊनही आकडा चढत नाही. म्हणून या वेळचं सदर तेलातुपात विरघळणाऱ्या अ, ड, ई आणि के या चार जीवनसत्त्वांना दिलं आहे. पत्रं जागेअभावी थोडी आखडली आहेत.

माझं वय ४६, उंची पाच फूट एक इंच, वजन ८८ किलो. मांड्या भरून येतात, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. व्हिटॅमिन डी १३ आलं. आठवड्याला एक अशा आठ पुड्या घेतल्या, तरी २१ वरच थांबलं. माझ्या जाऊबाईंचं वजन ५४ किलो. त्यांचं १४ होतं, त्याच आठ पुड्यांनी ३९ झालं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खातो. माझ्या आतड्यांना ते शोषताच येत नाही का?
— एक भगिनी, वडगाव, बेळगाव

ताई, तुमची आतडी बहुधा ठीक आहेत. तुमच्या प्रश्नातच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

तेलात विरघळणारं जीवनसत्त्व अंगी लागायला आधी पित्त आणि स्वादुपिंडाचा रस लागतो. त्यांच्यामुळे जेवणातल्या तेलातुपाचे अगदी बारीक कण होतात. त्या कणांत बसून जीवनसत्त्व आतड्याच्या अस्तरातून आत जातं, तिथून लसिकेच्या वाटेने रक्तात येतं. ही वाट खरोखर बिघडली, तर शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं आणि उग्र वासाचं होतं, आणि वजन उतरू लागतं. यातलं काही होत नसेल, तर फक्त ‘ड’ कमी आहे म्हणून आतड्यांना दोष देऊ नका.

२००० साली बोस्टनच्या संशोधकांनी हीच शंका तपासून पाहिली. लठ्ठ आणि सडपातळ अशा दोन गटांना त्यांनी तोंडाने ५० हजार युनिटचा एकच डोस दिला. दोन्ही गटांच्या रक्तात तो सारखाच चढला, म्हणजे शोषण झालं होतं. शिवाय लठ्ठ आणि सडपातळ लोकांच्या त्वचेवर अतिनील किरणांचा मारा करूनही पाहिलं. त्वचेत ‘ड’ तयार होण्यासाठी लागणारा कच्चा माल दोघांत जवळपास सारखा होता, पण एका दिवसाने रक्तातली वाढ लठ्ठ गटात ५७ टक्क्यांनी कमी भरली. तयार झालेलं ‘ड’ बाहेर येण्याऐवजी त्वचेखालच्या चरबीतच मुरलं होतं.

चार माणसांच्या आमटीचं मीठ दहा माणसांच्या पातेल्यात टाकलं, तर आमटी अळणीच लागणार. मीठ कुठे गेलं नाही, पातेलं मोठं आहे. तुमच्या आणि जाऊबाईंच्या आकड्यांत एवढा फरक पडण्याचं मुख्य कारण हेच. यात दोन गोष्टींची भर पडते. चरबीत गेलेलं ‘ड’ कणगीतल्या धान्यासारखं साठून राहतं आणि फार सावकाश बाहेर येतं. दुसरं, यकृतात ज्या एन्झाइममुळे ‘ड’ चं रक्तात मोजता येणारं रूप तयार होतं, ते लठ्ठपणात मंदावतं असंही आढळलं आहे.

‘ड’ कमी असल्यामुळेच वजन वाढलं असेल का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. २०१३ साली सुमारे ४२ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरून हा प्रश्न तपासला गेला. वजन आणि उंचीचा मेळ सांगणारा बीएमआय १० टक्क्यांनी वाढला की रक्तातलं ‘ड’ सुमारे ४ टक्क्यांनी घटतं, असं दिसलं. ‘ड’ कमी असल्यामुळे वजन वाढतं, असं मात्र दिसलं नाही. तेव्हा ‘ड’ च्या पुड्यांनी वजन उतरेल अशी आशा कुणी लावली असेल, तर ती सोडून द्या.

आता डोसचा हिशेब. ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, म्हणजे दिवसाला साडेआठ हजार युनिटच्या आसपास. कोर्स संपल्यावर ‘महिन्याला एक’ असं सांगतात, ते दिवसाला २ हजार पडतात. जाऊबाईंना एवढं पुरेल. तुमचा बीएमआय साडेछत्तीसच्या पुढे आहे. आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने, २०११ साली लठ्ठ व्यक्तींना नेहमीच्या दोन ते तीन पट मात्रा लागते असं लिहिलं, आणि आकडा भरल्यानंतर टिकवण्यासाठी रोज ३ ते ६ हजार युनिट सुचवले. त्या हिशेबाने तुमचे डॉक्टर आणखी काही आठवडे पुडी चालू ठेवून पुढे पंधरा दिवसांना एक, म्हणजे रोज ४ हजार, असं ठरवू शकतील. हा निर्णय त्यांनीच घ्यायचा, कारण रोज ४ हजारांच्या वरची मात्रा देखरेखीशिवाय घ्यायची नसते. मूतखडा होऊन गेला असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगा.

जिना चढताना कठडा धरावा लागतो, हे नुसतं वजनामुळे आहे असं समजून सोडून देऊ नका. ‘ड’ खूप कमी झालं की मांड्या आणि खुब्याचे स्नायू आधी दुबळे होतात. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉइड हार्मोन एकदा तपासून घ्या. पुढची ‘ड’ ची तपासणी नवा डोस सुरू केल्यावर तीन महिन्यांनी आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण पद्धत बदलली की आकडा थोडा हलतो. चिठ्ठीवर ‘२५-हायड्रॉक्सी’ असंच लिहिलेलं हवं. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ ही वेगळी आणि महाग तपासणी आहे. ‘ड’ कमी असतानाही ती नॉर्मल येऊ शकते आणि माणूस गाफील राहतो. एककही पाहा: नॅनोग्रॅममधले २० म्हणजे नॅनोमोलमधले ५०. रिपोर्टवर ५० दिसलं म्हणून खुश होण्याआधी शेजारचं एकक वाचा.

वजन जास्त आहे, पण बाकी काहीही त्रास नाही अशांनी उगाच ही तपासणी करत बसू नये. त्याच सोसायटीच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही लठ्ठ पण एरवी निरोगी लोकांची सरसकट तपासणी करू नये असं आहे. हाडं दुखणं, स्नायू दुबळे होणं, ठिसूळ हाडं, किडनी किंवा यकृताचा आजार, फिट्सची काही औषधं, पोटाचं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर जरूर करा.

पुडी कधी आणि कशात घ्यायची? मी सकाळी उपाशीपोटी कोऱ्या चहातून घेतो. शिवाय माझ्या मेहुण्याने आठ पुड्या आठ दिवसांत संपवल्या. त्याला काही होईल का?
— एक वाचक, निपाणी

आधी मेहुण्यांचं पाहू. आठ पुड्या म्हणजे ४ लाख ८० हजार युनिट, तेही आठवड्याभरात. इंग्रजी चिठ्ठीतला ‘आठवड्याला’ हा शब्द वाचला जात नाही आणि पुडी रोज सुरू होते. आपल्याकडे हे फार वेळा घडतं. त्यांनी ‘ड’ आणि कॅल्शियम दोन्ही ताबडतोब थांबवावं, भरपूर पाणी प्यावं आणि या आठवड्यातच रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासावं. उलट्या, घट्ट शौच, सारखी तहान, वारंवार लघवी, गुंगी किंवा बोलण्यात घोटाळा यांपैकी काही दिसलं तर तपासणीची वाट न पाहता दवाखाना गाठा. बहुतेकांना एवढ्यावर काही होत नाही, पण हे गृहीत धरून घरी बसू नये. ते जाड असतील तर आणखी एक लक्षात ठेवा: चरबीत साठलेलं जादा ‘ड’ पुढे कित्येक आठवडे झिरपत राहतं. एकदा कॅल्शियम ठीक आलं म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका, डॉक्टरांना विचारून पुन्हा तपासा.

आता तुमची पुडी. कोऱ्या चहात तेलतूप काहीच नाही. ‘ड’ जेवणासोबतच घ्यावं. २०१५ साली छापून आलेल्या एका प्रयोगात तेलतूप असलेल्या जेवणाबरोबर ५० हजार युनिट घेतलेल्यांच्या रक्तातली पातळी, तेलतूप नसलेलं जेवण घेतलेल्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी जास्त चढली. दिवसातलं मोठं जेवण निवडा. अर्धा पेला कोमट दुधात पुडी ढवळा, भाकरी अर्धी संपली की प्या, तळाशी राहिलेलं घोटभर पाण्याने विसळून घ्या. मऊ कॅप्सूल असेल तर ती तशीच गिळा.

वारासाठी सोपी खूण: तुमच्या गावच्या बाजाराचा वार धरा. बाजार आठवड्यातून एकदाच भरतो, पुडीही तेव्हाच. एखादा वार चुकला तर आठवेल त्या दिवशी एक घ्या. दोन एकदम घेऊ नका.

यासाठी जादा तूप ओतायची गरज नाही. नेहमीच्या फोडणीचं तेल आणि पेलाभर दूध पुरतं. ‘ड’ अंगी लागावं म्हणून चार चमचे तूप खाल्लं, तर ज्या चरबीमुळे आकडा अडला आहे तीच वाढेल.

मी शेतकरी, दिवसभर उन्हातच असतो. वजन ९४ किलो. तरी व्हिटॅमिन डी १६. हे कसं?
— एक वाचक, येळ्ळूर

किती वेळ उन्हात होतो यापेक्षा ऊन कोणतं होतं आणि अंगाला किती लागलं, हे महत्त्वाचं. शेतातलं काम सकाळी लवकर आणि चारनंतर होतं, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला मुंडासं असतं. ‘ड’ तयार करणारे किरण सूर्य वर असतानाच जमिनीपर्यंत नीट पोहोचतात. कोवळ्या उन्हात व्हिटॅमिन डी मिळतं, हा घरोघरी पक्का बसलेला गैरसमज आहे. सकाळी सातच्या उन्हाने अंग शेकतं, ‘ड’ जवळजवळ काहीच मिळत नाही.

खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. बेळगावात सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. आपण साधारण १६ अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरातसुद्धा त्या वेळी सावली उंचीपेक्षा आखूडच असते. थंडीत आपल्याकडे ‘ड’ मिळत नाही, हे खरं नाही. अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, आणि जांबोटी-कणकुंबीकडे तर दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. दिवाळीपर्यंत साठा आटलेला असतो.

हात कोपराच्या वरपर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवून, सावली आखूड असताना २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस, हे सावळ्या कातडीला साधारण प्रमाण. मार्च ते मे मध्ये साडेदहा-अकराची वेळ धरा. उन्हाच्या तडाख्यात बसून चक्कर आणायची नाही. काचेच्या खिडकीतून येणारं ऊन यासाठी निरुपयोगी, काच ते किरण अडवते.

तुमच्या ९४ किलोंमुळे उन्हातून मिळालेल्यातलाही मोठा वाटा चरबीत जाणार. तेव्हा ऊन घ्या, पण १६ वरून वर यायला औषधही लागेल.

एका डॉक्टरांनी ‘सहा लाखाचं एकच इंजेक्शन घ्या, वर्षभर काळजी नाही’ असं सांगितलं. आईचं वय ७१, वजन ८२. घ्यावं का?
— एक वाचक, भालकी, जि. बिदर

शक्यतो नको. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत सत्तरीपुढच्या बायकांना वर्षाला एकदा ५ लाख युनिट तोंडाने दिले होते. पडणं आणि हाड मोडणं ज्यासाठी टाळायचं होतं, तेच वाढलं: पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचं २६ टक्क्यांनी. एकदम मोठा डोस म्हातारपणी धार्जिणा नाही. इंजेक्शनात आणखी एक गोम आहे. जाड व्यक्तीच्या कमरेवर आखूड सुई स्नायूपर्यंत पोहोचत नाही, औषध चरबीत सांडतं, ते कधी आणि किती वर येईल याचा भरवसा नसतो. आणि दिलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. आतड्यांचा खरा आजार असेल, तोंडाने दिलेलं लागतच नसेल, तरच त्याचा विचार होतो. तुमच्या आईंना रोजची छोटी मात्रा किंवा आठवड्याची पुडी बरी.

वजन उतरवायचं म्हणून घरात तेल-तूप बंद केलं आहे. गाजर, काकडी, उकडलेल्या भाज्या खातो. तीन महिन्यांत सात किलो उतरले. पण आता कुणी म्हणतं अ आणि ई जीवनसत्त्व कमी पडेल. कॅप्सूल घ्यावी का?
— एक दांपत्य, चिकोडी

सात किलो उतरवलेत, हे कष्टाचं काम आहे. एवढाच बदल करा: तेल बंद ठेवू नका, मोजा. कच्च्या गाजरातला बीटा-कॅरोटीन नावाचा रंग शरीरात जाऊन ‘अ’ होतो, आणि तेलाशिवाय तो बराचसा तसाच बाहेर पडतो. शिवाय हिशेब मुळातच तोकडा आहे: अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनमागे १ मायक्रोग्रॅम ‘अ’. एका जेवणाला एक चहाचा चमचा, म्हणजे साडेचार-पाच ग्रॅम तेल, एवढ्याने त्याचं शोषण बऱ्यापैकी होतं. गाजर किसून किंवा शिजवून, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, तांदळी, मेथी फोडणीला टाकून खा. भाजी शिजवल्याने ‘अ’ चं नुकसान कमी आणि फायदा जास्त, कारण पेशींच्या भिंती फुटून रंग मोकळा होतो.

आपल्या भागातली रताळी चवीला उत्तम, पण आत पांढरी असतात. त्यांच्यातून ‘अ’ फारसं मिळत नाही. केशरी गराच्या रताळ्यात ते भरपूर असतं. साल लाल आहे की नाही हे पाहून उपयोग नाही, गर पाहा.

‘ई’ साठी तेल कोणतं हे पाहायला हवं. १०० ग्रॅम सूर्यफूल तेलात ‘ई’ सुमारे ४० मिलिग्रॅम, करडईत ३४, शेंगदाणा तेलात १५-१६, खोबरेल तेलात नावापुरतं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत अडीच मिलिग्रॅम. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी रोज असेल, तर त्यातून थोडं नक्की जातं. चटणीतलं तेल मात्र दिवसाच्या तेलाच्या हिशेबात धरा.

दूध आणि तेलाच्या पिशवीवर निळ्या रंगातली ‘अधिक एफ’ ही खूण शोधा. ती खूण म्हणजे त्यात अ आणि ड मिसळलेलं आहे. नियमाप्रमाणे अशा दुधात लिटरला २०० ते ३०० युनिट ‘ड’ असतं, तेलात ग्रॅमला ४.४ ते ६.४ युनिट. अर्धा लिटर दूध आणि तीन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम तेल धरलं तर दिवसाला १६५ ते २५० युनिट होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला रोज ६०० युनिट सांगितलेत. निम्म्याहूनही कमी झालं. घाण्याचं सुटं तेल घेत असाल तर त्यात हे मिसळलेलं नसतं, तेवढं आणखी वजा करा.

वजन जास्त असलेल्यांच्या रक्तात कॅरोटीनची पातळीही कमी आढळते, कारण तेही चरबीत साठतं. ‘ई’ बाबत एक वेगळी गोष्ट आहे. २०१५ च्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात पोटाचा घेर, साखर, रक्तदाब आणि चरबीचं गणित एकत्र बिघडलेल्या लोकांनी ‘ई’ सुमारे २६ टक्के शोषलं, निरोगी लोकांनी सुमारे साडे एकोणतीस टक्के. सोबत सायीचं दूध दिलं की साय काढलेलं, याने फरक पडला नाही. म्हणजे ‘ई’ मध्ये खरोखर शोषणही थोडं घटतं, आणि जास्त साय खाऊन ते भरून निघत नाही. त्यात ‘ई’ रक्तात कोलेस्टेरॉलच्या गाडीवर बसूनच फिरतं. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर ‘ई’ चा आकडा फुगलेला दिसतो. तो कोलेस्टेरॉलशी ताडून पाहिला तरच अर्थ लागतो.

तरीही कॅप्सूलला आमचं उत्तर नाही असंच आहे. केस आणि कातडीसाठी ४०० ची हिरवी कॅप्सूल महिनोन्‌महिने खाणारे खूप आहेत. ‘ई’ ४०० युनिट रोज घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळल्याचं २०११ साली प्रसिद्ध झालं आहे. बीटा-कॅरोटीनची गोळी तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी हातातही धरू नये. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला, हे १९९४ सालचं. गाजरातून हा धोका नाही. ‘अ’ च्या मोठ्या मात्रेची गोळी गरोदर राहण्याची शक्यता असलेल्या बाईने घेऊ नये, बाळात व्यंग येऊ शकतं. यकृतात चरबी साठल्याने डॉक्टरांनी स्वतः ‘ई’ दिलं असेल, तर ते त्यांच्या देखरेखीत चालू ठेवा.

वजनासाठी ऑर्लिस्टॅट १२० सुरू केलं. शौच तेलकट होतं. जीवनसत्त्वांवर परिणाम होतो का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

होतो, आणि इथे गोष्ट खरंच शोषणाची आहे. हे औषध तेलतूप पचवणारा रस अडवतं, जेवणातल्या चरबीतली सुमारे ३० टक्के न पचता बाहेर जाते. तिच्याबरोबर जीवनसत्त्वंही वाहून जातात: गोळीतल्या बीटा-कॅरोटीनचं शोषण सुमारे ३० टक्क्यांनी आणि ‘ई’ चं सुमारे ६० टक्क्यांनी घटतं. चारही जीवनसत्त्वं असलेली मल्टिव्हिटॅमिनची एक गोळी रोज घ्या, ऑर्लिस्टॅटपासून किमान दोन तास लांब. सर्वांत सोपं म्हणजे झोपताना. ‘ड’ ची पुडी असेल, तर त्या जेवणाची ऑर्लिस्टॅट गोळी वगळता येते का ते डॉक्टरांना विचारा. तेलकट शौच वाढलं की समजा त्या दिवशी जेवणात तेल जास्त झालं. हेच औषध घेताना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पुढचं उत्तर वाचाच.

वडिलांच्या हृदयाची झडप बदलली आहे, रक्त पातळ करणारी ॲसिनोकुमारॉल गोळी चालू आहे. वजन कमी करायला रोज सकाळी पालकाचा रस सुरू केला आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) एकदम खाली आला. पालेभाजी बंद करू का?
— एक वाचक, संकेश्वर

बंद करू नका, नेमकी ठेवा. ही गोळी ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ‘के’ चारशे-पाचशे मायक्रोग्रॅम असतं, आणि माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरतं. रोज पेलाभर रस म्हणजे गोळीवर बोळा फिरवणं. आयएनआर खाली गेला की कृत्रिम झडपेवर गुठळी बसायची भीती असते, म्हणून आजच हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून आकडा कळवा. गोळी स्वतःहून वाढवू नका.

पुढे आठवड्याला किती वेळा आणि किती वाटी पालेभाजी, हे ठरवून टाका: समजा तीन दिवस, दर वेळी एक वाटी शिजवलेली. थंडीत बाजारात पालेभाज्यांचे ढीग लागतात तेव्हा वाढवायची नाही, आणि उपवासाच्या महिन्यात एकदम तोडायची नाही. ‘के’ चा साठा शरीरात फार दिवस टिकत नाही, त्यामुळे आहार बदलला की आयएनआर लगेच हलतो. वजन पाच-सहा किलोने उतरलं, जुलाब झाले, अँटिबायोटिक लागलं किंवा ऑर्लिस्टॅट सुरू झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता आयएनआर करा. ऑर्लिस्टॅटने तो उलटा वर जातो, आणि मग रक्तस्रावाची भीती. ‘ई’ ची कॅप्सूल त्यांना देऊ नका.

बहिणीचं मिरजेला वजनाचं ऑपरेशन झालं, जठराची नळी केली आहे. सहा महिन्यांत ३१ किलो उतरले. आता बरं वाटतं म्हणून तिने सगळ्या गोळ्या बंद केल्यात.
— एक वाचक, खानापूर

त्या परत सुरू करायला लावा. या गोळ्या जन्मभराच्या आहेत. जठराची फक्त नळी केली असेल तर शोषणाचा मार्ग बराचसा शाबूत राहतो, पण खाणंच चार घासांचं होतं. लहान आतडं वळवलेलं असेल तर अन्न आणि पित्त-रस यांची गाठ उशिरा पडते आणि चारही जीवनसत्त्वं खरोखर शोषली जात नाहीत. म्हणून ऑपरेशनच्या कागदावर नेमका प्रकार कोणता लिहिला आहे ते आधी पाहा.

रोज ३ हजार युनिट ‘ड३’, रक्तातली पातळी ३० च्या वर जाईपर्यंत, ही २०१६ च्या अमेरिकी बॅरियाट्रिक, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनच्या, मार्गदर्शनातली सुरुवातीची मात्रा. ‘अ’ रोज ५ ते १० हजार युनिट, ‘ई’ १५ मिलिग्रॅम, ‘के’ ९० ते १२० मायक्रोग्रॅम. हे सगळं बहुधा ऑपरेशननंतरच्या खास मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं, साध्या दुकानी गोळीत बऱ्याचदा नसतं. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण सायट्रेटच्या रूपात आणि दोन-तीन वेळा वाटून, कारण एका वेळी ५००-६०० च्या पुढचं नीट लागत नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ‘अ’ चा प्रकार आणि मात्रा तेव्हा बदलावी लागते. अंधारात चाचपडायला होणं, संध्याकाळी दिसेनासं होणं ही ‘अ’ च्या कमतरतेची पहिली खूण आहे. तिला हे नक्की विचारा.

वजन उतरलं की चरबीत साठलेलं व्हिटॅमिन डी बाहेर येऊन आपोआप भरून निघेल ना?
— एक वाचक, गडहिंग्लज रस्ता, निपाणी

थोडं निघेल, भरवशावर राहण्याइतकं नाही. २०११ साली अमेरिकेत पन्नाशीपुढच्या बायकांवर वर्षभराचा प्रयोग झाला. ज्यांचं वजन ५ ते १० टक्क्यांनी उतरलं त्यांच्या ‘ड’ मध्ये तीन नॅनोग्रॅमचीही भर पडली नाही. १५ टक्क्यांच्या पुढे उतरलेल्यांत मात्र पावणेआठच्या आसपास वाढ झाली. म्हणजे ९० किलोच्या माणसाने साडेतेरा किलो उतरवले तर १४ चे २२ होऊ शकतात, ५ किलोंत १६-१७. कणगी रिकामी होताना धान्य मिळतं ते एवढंच. औषध चालू ठेवा, आणि वजन बरंच उतरल्यावर डोस कमी करायचा का, ते तपासून ठरवा.

पित्ताशय काढलं आहे. ही जीवनसत्त्वं आता लागणार नाहीत का?
— एक भगिनी, शहापूर, बेळगाव

लागतील. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी. ती काढली तरी पित्त थेंबथेंब आतड्यात उतरत राहतं. एका जेवणात खूप तेलकट खाऊ नका, जेवणं वाटून घ्या, ‘ड’ ची पुडी जेवणासोबतच घ्या. डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच मातकट-पांढरं असं एकत्र दिसलं, तर पित्ताची वाट अडली आहे. मग जीवनसत्त्वांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या.